छोटा कॉमिक्स प्रकाशक बुडतो कुठे, आणि टिकतो कशावर

नमस्कार मंडळी. तुमच्यातले बरेच जण स्वतःचं कॉमिक काढायच्या विचारात आहेत, म्हणून आज चित्र, गोष्ट वगैरे बाजूला ठेवून फक्त पैशांबद्दल बोलतो. आणि उदाहरणं अमेरिकेची घेतो, कारण तिथे छोटे कॉमिक्स प्रकाशक पन्नास वर्षं टिकलेत, बुडालेत, आणि त्यांचे हिशेब लोकांसमोर आलेत. माझं म्हणणं असं आहे की पुस्तक वाईट निघालं म्हणून छोटा प्रकाशक फार क्वचित बुडतो. तो बुडतो कारण छापखान्याचे पैसे आधी जातात, विक्रीचे महिन्यांनी येतात, आणि मधल्या काळात त्याचा मालही दुसऱ्याच्या गोदामात आणि पैसाही दुसऱ्याकडे.

तिथली पद्धत आधी समजून घ्या. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या फिल स्यूलिंगनी कॉमिक्स थेट कॉमिक्सच्याच खास दुकानांना विकायला सुरुवात केली. पेपरस्टॉलवरचा उरलेला माल प्रकाशकाकडे परत यायचा, या नव्या पद्धतीत माल परत नाही, पण दुकानदाराला कमिशन जास्त. छोट्यांसाठी हे वरदानच होतं कारण ऑर्डर आधी येते, आपण तेवढंच छापायचं. निन्जा टर्टल्सचा पहिला अंक 1984 मध्ये दोन मित्रांनी स्वतःच तीनेक हजार प्रती छापून काढला तो याच व्यवस्थेत.

पण त्याची दुसरी बाजू बघा, दुकानदाराला माल परत करता येत नाही म्हटल्यावर तो अनोळखी नावाच्या दोन प्रती मागवतो, किंवा मागवतच नाही. शिवाय ऑर्डर दोन-तीन महिने आधी द्यायची असते, म्हणजे पहिला अंक दुकानात लागायच्या आत दुसऱ्याची आणि बऱ्याचदा तिसऱ्याचीही ऑर्डर देऊन झालेली असते. पहिला अंक हातोहात गेला तरी त्याचा फायदा दुसऱ्याला मिळत नाही, उलट दुकानदार सावधपणे दुसऱ्याचा आकडा खाली आणतो, तिसऱ्याचा आणखी खाली, आणि चांगली मालिका चौथ्या अंकाला बंद पडते. हे मला सगळ्यात जास्त टोचतं, कारण वाचकाने नाकारलं असं काही झालेलंच नसतं.

आता साधा हिशेब. समजा 4 डॉलरचा अंक आहे आणि प्रकाशकाच्या हातात छापील किमतीच्या 40 टक्के येतात, म्हणजे 1 डॉलर 60 सेंट. 2000 प्रती गेल्या तर 3200 डॉलर. यात छपाई, वाहतूक, लेखक, चित्रकार, रंग, अक्षरलेखन सगळं बसवायचं. कुणाला काय द्याल?

त्यात 1995 ते 1997 च्या दरम्यान तिथले वितरक एकेक करून संपले आणि कॉमिक्स दुकानांपर्यंत जायला जवळजवळ एकच रस्ता उरला, डायमंड नावाचा वितरक. त्यांनी 2009 मध्ये किमान ऑर्डरची अट 1500 वरून 2500 डॉलर केली, ज्याच्या पुस्तकाला दुकानांकडून त्याहून कमी ऑर्डर येते त्याला डायमंडच्या कॅटलॉगमधली जागा टिकवणं अवघड. मग मोठे प्रकाशक दुसरीकडे गेले, आधी 2020 मध्ये डीसी, पाठोपाठ मार्व्हल, आणि जानेवारी 2025 मध्ये डायमंडने दिवाळखोरीचा अर्ज केला. छोट्यांची उधारी तर अडकलीच, पण गोदामात कन्साइनमेंटवर, म्हणजे जांगड म्हणून ठेवलेली पुस्तकंही अडकली. ती विकून देणी भागवायची परवानगी डायमंडने कोर्टाकडे मागितली! माल प्रकाशकाचा, अजून एक पैसा मिळालेला नाही, तरी भांडण. तिथल्या कायद्यात असा माल आपला आहे याची सरकारदरबारी रीतसर नोंद करावी लागते, आणि दोन-तीन माणसांच्या प्रकाशनात हे बघणार कोण?

आता टिकलेल्याचं सांगतो. फँटाग्राफिक्स, सिअ‍ॅटलची संस्था, 1976 पासूनची. माझ्या मते त्यांच्याइतकी चांगली पुस्तकांची यादी अमेरिकेत कुणाकडे नाही, आणि तरी ते कितीदा काठावर आलेत! 1990 मध्ये प्रौढांसाठीच्या कॉमिक्सची वेगळी शाखा काढून त्या पैशावर बाकीची पुस्तकं जगवली. 2003 मध्ये पुन्हा संकट. त्यांची पुस्तकं बुकशॉपमध्ये पोचवणारा वितरक पैसे थकवून बुडाला होता, शिवाय त्यांनी स्वतः काही पुस्तकं गरजेपेक्षा जास्त छापून ठेवली होती. तेव्हा त्यांनी वाचकांना उघड सांगितलं की 80 हजार डॉलर हवेत, देणगी नको, आमची पुस्तकं विकत घ्या. आणि लोकांनी घेतली. गोदामात पडलेला माल होता तोच कामी आला, तो त्यांच्या स्वतःच्या ताब्यात होता म्हणून. 2004 पासून शुल्झ यांच्या पीनट्स या वर्तमानपत्रातल्या चित्रमालिकेचे सगळे खंड क्रमाने काढले, वर्षाला दोन, बारा वर्षं, त्याने संस्थेला बैठक मिळाली. 2013 मध्ये भागीदार किम थॉम्पसन वारले, त्यांच्याकडची पुस्तकं रखडली, संस्था पुन्हा वाचकांकडे गेली, दीड लाख डॉलर मागितले, 2 लाख 20 हजारांच्या वर जमले.

यादी हा शब्द मी मुद्दाम वापरतोय, यादी म्हणजे जुनी झाली तरी विकली जात राहणारी पुस्तकं. फँटाग्राफिक्सनेच काढलेलं, जो सॅको या चित्रकार-पत्रकाराचं ‘पॅलेस्टाईन’ आधी सुटे अंक म्हणून आलं तेव्हा खप अगदी कमी होता, एकत्र पुस्तक झाल्यावर मात्र ते वर्षानुवर्षं विकलं गेलं. आपल्याकडे अमर चित्र कथा 1967 पासून टिकली तीही जुनी पुस्तकं पुन्हापुन्हा छापूनच ना. आणि नुसतं लाडकं असून भागत नाही, इंद्रजाल कॉमिक्सचा वेताळ आपण मराठीतून वाचला, तो खूप लाडका होता, तरी 1990 मध्ये ती मालिका बंद झाली.

म्हणून जे मला विचारतात की किती प्रती छापू, त्यांना मी सांगतो की आपल्याकडे प्रकाशनपूर्व सवलत आहे, मराठी प्रकाशकांनी मोठमोठे ग्रंथ तिच्यावर काढलेत, ती कॉमिकसाठी वापरा. पैसे भरलेली नावं मोजा, त्यावर घरात ठेवता येतील तेवढ्याच प्रती जास्त छापा, संपल्या की पुन्हा छापा. सुटे अंक काढायचे असतील तर तीन-चार अंक तयार करूनच पहिला बाहेर काढा. एका वितरकाकडे सगळा माल देऊ नका, आणि देताना कागदावर लिहून घ्या की न विकलेला माल कुणाचा, पैसे किती दिवसांत, उरलेली पुस्तकं परत आणायचा खर्च कुणी करायचा. हा शेवटचा मुद्दा बहुतेक करारांत नसतोच, तो तुम्ही घालून घ्या.