परग्रहवासी आलेच, तर सड्यावरच का उतरतील?

नमस्कार. परग्रहावरून आक्रमण होईल की नाही, हा वाद आज बाजूला ठेवू. ते झालेच, तर महाराष्ट्रात यान टेकवण्यासाठी कोणती जमीन निवडावी लागेल, एवढेच भूशास्त्राच्या आधारे पाहू. चांद्रयान-३ साठी इस्रोने कमी उताराचा, मोठे धोंडे आणि खळगे टाळणारा सुमारे ४ बाय २.४ किलोमीटरचा पट्टा निवडला होता. आपल्याकडे त्यात पावसाची भर पडते.

पहिला मोह मराठवाड्यातल्या सपाट काळ्या रानाचा होईल. मात्र बेसाल्ट झिजून झालेली ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळल्यावर आकसते. मे महिन्यात तिच्या भेगेत हात कोपरापर्यंत जातो आणि जुलैत त्याच वावरात बैलगाडीचे चाक आसापर्यंत रुतते. घर बांधणारासुद्धा ही माती उपसून खालचा मुरूम गाठतो. मग यानाचे पाय तिच्यावर कोण ठेवील? लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर आयते वाटेल, पण त्याच्या तळाशी खारे पाणी आहे.

उरतो कोकणातला सडा, म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे, सपाट पठार. लाखो वर्षांच्या पावसाने मूळ खडकातली सिलिका वाहून गेली, लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे राहिली आणि जांभा तयार झाला. खाणीतून नुकताच कापलेला चिरा त्यामानाने मऊ असतो. उघड्या हवेत तो कठीण होत जातो. म्हणूनच सड्यावर पावसाळ्यात घोटाभर पाणी साचले, तरी पाय रुतत नाही. सिंधुदुर्गातील चिपी आणि गोव्यातील मोपा येथील विमानतळ अशाच सड्यांवर आहेत. बारसूच्या सड्यावरची कातळशिल्पेही याच कठीण पृष्ठभागामुळे टिकली. ती परग्रहवासीयांसाठी कोरली, असे सांगणारे भेटतात. कोरणाऱ्या माणसांचे श्रेय असे हिरावून घेणे मला पटत नाही.

सड्यातही खोट आहेच. वरच्या टणक कवचाखाली बहुधा मऊ चिकणमाती असते. पाणी ती वाहून नेते, आत पोकळ्या होतात आणि कड्यालगतचे कातळ ढासळतात. तेव्हा यान कडेपासून दूर, मध्यावर उतरवावे लागेल. शिवाय जांभ्यात मुरलेले पाणी त्या चिकणमातीवर अडून सड्याच्या पायथ्याशी झऱ्यांतून बाहेर पडते. उन्हाळ्यात वरचा कातळ कोरडा ठणठणीत असताना आक्रमकांना तहान लागली, तर त्यांना कळशी घेऊन खालच्या वाडीतच यावे लागेल.