नाकावरची चामखीळ

(दृश्य: म्हापसा, शुक्रवारचा बाजार. मासळी कापणारे हात, अगदी जवळून.)

इसवणाचं डोकं एका घावात बाजूला पडतं आणि कॅमेरा मावशींच्या तर्जनीवर थांबतो. नखाच्या कडेला फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी चामखीळ. आम्ही खरं तर मासळी टिपायला गेलो होतो. मावशी दोडामार्गकडच्या. बोटाबद्दल विचारलं तर हसल्या: "काय होणा नाय ओ, आपसूक जातली."

मटण-मासळी कापणाऱ्यांच्या हातांवर अशा चामखिळी जास्त दिसतात. विषाणू मात्र मासळीचा नव्हे, माणसाचाच. ह्यूमन पॅपिलोमाव्हायरस, एचपीव्ही. त्याचे दोनशेहून जास्त प्रकार आहेत. हातावर चामखीळ आणणारे सहसा निरुपद्रवी. क्रमांक १६ आणि १८ मात्र तसे नव्हेत. गर्भाशयमुखाच्या दहा कर्करोगांपैकी सुमारे सात या दोघांच्या खात्यावर जातात. हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या जर्मनीतल्या गटाने १९८३-८४ मध्ये हे दोन्ही शोधले. त्यासाठी त्यांना २००८ साली नोबेल मिळालं.

(दृश्य: महाविद्यालयाची प्रयोगशाळा. सूक्ष्मदर्शकाखालची काचपट्टी.)

गर्भाशयमुखाच्या पेशींची ही काचपट्टी घाई न करता बघा. बाकीच्या पेशी घावन पसरावं तशा पातळ पसरल्यात. मधल्या एकीचं केंद्रक मनुकेसारखं सुरकुतलंय, भोवती रिकामं वलय. हिला कोइलोसाइट म्हणतात. इथे विषाणूने घर केलंय.

मावशींचं वाक्य इथेही चालतं. गर्भाशयमुखाला झालेली लागण बहुतेक जणींत एक-दोन वर्षांत आपसूक जाते. जिच्यात ती वर्षानुवर्षं ठाण मांडते, तिला धोका. पण हे 'आपसूक' करतं कोण?

(दृश्य: डिचोलीच्या एका चित्रकला शिक्षकांनी कोळशाने काढलेली चित्रं. पहिलं चित्र: ससा.)

मुद्दाम माणसाला लागण करून हे बघता येत नाही. उंदराला करावी, तर एचपीव्हीला उंदीर चालत नाही. या कुळातला प्रत्येक विषाणू आपापल्या प्राण्याला चिकटून असतो. १९३३ मध्ये रिचर्ड शोप यांनी अमेरिकेतल्या रानसशांच्या चामखिळींमागचा विषाणू दाखवला, आणि पुढची कित्येक वर्षं बऱ्याच अंशी सशावर भागवावं लागलं.

१९९०च्या दशकात आडवाट निघाली. एचपीव्ही-१६ची जनुकं थेट उंदराच्या जनुकसंचात बसवायची. त्यातली ई६ आणि ई७ ही दोन खरी कारस्थानी. माणसाच्या पेशीत ई६ हे पी५३ नावाच्या रखवालदाराला संपवतं. ई७ पेशी-विभाजनाचा ब्रेक सैल करतं. अशा उंदरांच्या माद्यांना काही महिने इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक दिलं, तेव्हा गर्भाशयमुखाचा कर्करोग झाला. २००९ मध्ये इस्ट्रोजेनला अडवणारी औषधं दिल्यावर उंदरांतल्या गाठी विरल्याही. पण या उंदरांना लागण झालेलीच नसते. विषाणूची जनुकं जन्मापासून अंगात. घरचाच चोर, शरीर त्याला हुसकणार कसं?

(दृश्य: दुसरं चित्र. केस नसलेला, सुरकुतलेला उंदीर. नाकाजवळ गाठी.)

आता खारघर. मडगावहून कोकण रेल्वेने रात्री निघालं तर पहाटे पनवेल, आणि तिथून जवळच टाटा मेमोरियल सेंटरची 'अ‍ॅक्ट्रेक' ही संशोधन संस्था. तिथे 'न्यूड' उंदीर पाळलेले होते. फॉक्सएन१ या जनुकातल्या दोषामुळे त्यांना केसही नाहीत आणि धड थायमस ग्रंथीही नाही, म्हणून तिथे तयार होणाऱ्या टी-पेशी, म्हणजे विषाणूशी लढणाऱ्या रक्षक पेशी, नाहीत. त्यांच्या नाकातोंडाच्या कडेला चामखिळी फुललेल्या दिसल्या. कुणी शोधत नव्हतं, पिंजऱ्यात दिसलं. (मावशींच्या बोटासारखंच.) डॉ. अरविंद इंगळे आणि अमेरिकेतले सहकारी यांनी त्यातून प्रयोगशाळेतल्या उंदराचा स्वतःचा पॅपिलोमाव्हायरस २०११ मध्ये जगापुढे मांडला. आज तो एमएमयूपीव्ही-१ या नावाने ओळखला जातो.

(दृश्य: चित्रावर कॅमेरा सावकाश सरकतो. नाकापाशी थांबतो.)

जग ज्याच्या शोधात होतं, तो उंदीर आपल्या शेजारच्या पिंजऱ्यात निघाला. मी तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. मला हे निवृत्तीनंतर कळलं.

चामखीळ जाण्याचं कोडंही या विषाणूने उलगडलं. टी-पेशी असलेले बहुतेक उंदीर त्याला पळवून लावतात, नसलेल्यांत तो फोफावतो. धडधाकट उंदरांना अतिनील किरण दिले की त्यांचीही प्रतिकारशक्ती ढिली पडते आणि चामखिळी येतात, हे २०१६ मध्ये दिसलं. २०१९ मध्ये उंदराच्या मादीच्या जननमार्गात खरी लागण होऊन पुढे कर्करोगापर्यंत गेलेली नोंदली गेली. लागण ते गाठ, अख्खा प्रवास एका प्राण्यात. हा विषाणू माणसाच्या विषाणूची हुबेहूब नक्कल नाही: त्याचं ई६ पी५३ला हात लावत नाही. प्रयोगानंतर उंदीर मारले जातात. त्याचं चित्रण नाही.

(दृश्य: गावातलं आरोग्य केंद्र. पडदा. बाकावरच्या बायका.)

२०२२च्या अंदाजाप्रमाणे भारतात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या वर्षाला सुमारे १ लाख २७ हजार नव्या रुग्ण, ८० हजारांच्या आसपास मृत्यू. लस आहे, गर्भाशयमुखाच्या पेशी तपासणारी पॅप चाचणीही आहे.

बाकावर तिसऱ्या बसल्यात, त्या म्हापशाच्या मावशी.

(इथून निवेदन नाही. पंख्याचा आवाज तसाच ठेवावा. नर्सबाई पडदा सरकवतात.)