पेटी भरण्याआधी

नमस्कार श्रोतेहो.

मृगाचा एखादा पाऊस झाला की आपल्या मराठवाड्यात दोन गडबडी एकदमच सुरू होतात, पेरणीची आणि प्रवेशाची. या दिवसांत संभाजीनगर, नांदेड, परभणी, लातूर, कुठल्याही बसस्थानकावर उभं राहा. पत्र्याची पेटी, गुंडाळलेली गादी आणि नव्याकोऱ्या बादलीत कोंबलेल्या चपला घेऊन एसटीतून उतरणारं एक तरी लेकरू दिसतंच. मागून बाप उतरतो. त्याच्या हातात कागदांची पिशवी असते. पेटीत काय भरायचं ते घरोघरच्या आयांना मी सांगण्याची गरज नाही. मला बोलायचंय ते त्या पिशवीबद्दल, आणि पिशवीत न मावणाऱ्या काही गोष्टींबद्दल.

मी मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षक होते. ऑफिसच्या टेबलापलीकडे उभ्या राहणाऱ्या पोरी पाहता पाहता केस पांढरे झाले. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय. पहिल्या वर्षी हॉस्टेलात सामान कमी पडलं म्हणून कुणाचं फारसं अडत नाही. अडतं ते लेकरू विचारत नाही म्हणून. फॉर्म कुठं मिळतो हे विचारायला लाज वाटते. आणखी एक पोळी मागायला लाज वाटते. दोन दिवस ताप अंगावर काढतील, पण शेजारच्या खोलीत सांगणार नाहीत. हुशार पोरांत तर हे जास्तच, कारण घरी त्यांना काही मागावंच लागलेलं नसतं. 'त्याचा अभ्यास चाललाय' म्हणून ताटसुद्धा जागेवर आलेलं असतं.

तर पहिली विचारपूस खोलीचीच. प्रवेश मिळाला म्हणजे खोली मिळाली, असं नसतं. विद्यापीठाची वसतिगृहं मुख्यतः विद्यापीठाच्या आवारातल्या विभागांत शिकणाऱ्यांसाठी असतात. तुमचा प्रवेश संलग्न कॉलेजात असेल तर त्या कॉलेजचं वसतिगृह बघावं लागतं, नाहीतर समाजकल्याण किंवा आदिवासी विकास विभागाचं. प्रत्येकाचा अर्ज वेगळा, यादी वेगळी, तारीख वेगळी. म्हणून प्रवेशाच्या दिवशीच ऑफिसात विचारून घ्या: अर्ज कधी सुटतात, यादी कधी लागते, अनामत किती. आणि अनामतीची पावती आईच्या पोथीत ठेवतात तशी जपून ठेवा. वसतिगृह सोडताना ती मागतात, आणि तोवर ती कुणालाच सापडत नाही.

यादी लागेपर्यंतचे दिवस कुठं काढायचे, तेही घरूनच ठरवून निघा. चुलतमामाच्या भरवशावर जाऊ नका. त्यांच्या दोन खोल्यांत आधीच पाच माणसं असतात, आणि ते बिचारे नाही म्हणू शकत नाहीत.

आता कागद. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, लागू असेल त्यांना नॉन-क्रिमीलेअर आणि जात वैधता प्रमाणपत्र, टीसी, गुणपत्रिका. तहसीलमध्ये जूनमध्ये गर्दी होते हे तुम्हाला माहीत आहे, तरी आपण जूनमध्येच जातो. मूळ कागद घरी ठेवायचे की सोबत न्यायचे यावरून घराघरांत वाद होतात. माझं म्हणणं असं, की झेरॉक्सचे संच सोबत, मूळ कागद काम झालं की परत घरी, आणि जे कागद डिजिलॉकरात मिळतात ते मोबाइलमध्येही.

बँकेच्या खात्याकडे मात्र नीट लक्ष द्या. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर भरतात आणि पैसे आधार जोडलेल्या खात्यात येतात. बऱ्याच घरांत एक खातं शाळेत असताना काढलेलं, दुसरं कॉलेजसाठी काढलेलं असतं. आधार ज्या खात्याला शेवटी जोडलंय तिथंच रक्कम जाते. पोरगी नव्या खात्याचं पासबुक भरून भरून थकते, आणि रक्कम तिकडं गावाकडच्या बँकेत पडून असते. निघण्याआधी बँकेत जाऊन एकच प्रश्न विचारायचा: माझं आधार सध्या कुठल्या खात्याला जोडलेलं आहे?

वसतिगृहात जागा मिळाली नाही तर हात टेकू नका. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे, अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. शहरात खोली करून राहणाऱ्याला त्याचा मोठा आधार होतो. मुलींसाठी २०२४-२५ पासून आणखी एक सोय झाली. आर्थिक दुर्बल घटक, एसईबीसी म्हणजे सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग, आणि ओबीसी यांपैकी कुठल्याही प्रवर्गात असाल, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शासन भरतं. हॉस्टेल आणि मेस त्यात येत नाही. 'मुलींना सगळं फुकट आहे' असं ऐकून रिकाम्या हातानं आलेले बाप मी पाहिलेत. त्यांची ती धांदल बघवत नाही.

पैशाचं आपल्याकडचं दुखणं ठरलेलं आहे. फी भरायची जून-जुलैत, म्हणजे नेमकं बी-बियाणं आणि खताच्या वेळी. सोयाबीनचा पैसा हातात येतो दसऱ्याच्या आसपास, कापसाचा त्याच्याही पुढं. मधले तीन-चार महिने उसनवारीचे. अशा वेळी बरेचजण सावकाराकडं आधी जातात आणि प्राचार्यांकडं कधीच जात नाहीत. उलटं करून बघा. हप्ते पाडून द्या असा साधा, चार ओळींचा अर्ज लिहा, आवक करून शिक्का घ्या. दर वेळी होकार येईलच असं नाही, पण अर्जाला व्याज लागत नाही. आणि पोरांनो, घरून किती रक्कम आली, ती कुठून आली, हे बापाला एकदा स्पष्ट विचारा. तो सांगणार नाही. पुन्हा विचारा.

बीड जिल्ह्यातल्या आणि आसपासच्या ऊसतोड कामगारांच्या लेकरांसाठी दोन वाक्यं वेगळी. उचल घेतलेले आईबाप दसरा-दिवाळीच्या सुमारास तोडीला निघतात, ते मार्च-एप्रिलपर्यंत परत नाहीत. पालकांची सही लागणारा प्रत्येक कागद, प्रत्येक दाखला सप्टेंबरच्या आत उरकून घ्या. फडातून सहीसाठी माणूस येऊ शकत नाही, आणि आला तर त्या दिवसाची मजुरी बुडते.

आता मेसबद्दल. पहिल्या आठवड्यात मेसचं जेवण आवडतं, हे मी खात्रीनं सांगते. दुसऱ्या आठवड्यापासून ज्वारीची भाकरी आठवायला लागते. घरून द्यायचंच असेल तर लाडू-चिवडा कमी द्या, त्यावर अख्खी खोली तुटून पडते आणि दोन दिवसांत डबा रिकामा होतो. येसर द्या. पाण्यात कालवून उकळलं की आमटी होते, आणि ती वाढून द्यायला मेसच्या मावशी सहसा नाही म्हणत नाहीत, त्यांच्याशी गोड बोललात तर. शेंगदाण्याची चटणी, कारळाची चटणी, जवसाची चटणी महिनाभर टिकते. धपाटे मात्र दोन-तीन दिवसांत संपवायचे. खोलीत कॉइल लावून काही शिजवायच्या भानगडीत पडू नका. ती वापरायला मनाई असते, आणि ती मनाई उगाच नसते. जुन्या इमारतींची वायरिंग मी आतून पाहिलेली आहे.

मेस लावताना खाड्याचा नियम विचारा. गावी गेलात, चार दिवस जेवला नाहीत, तर त्याचे पैसे वजा होतात का? आदल्या दिवशी सांगावं लागतं का? सलग किती दिवसांचा खाडा धरतात? हे न विचारता पैसे भरायचे आणि महिनाअखेरीस मेसवाल्याशी भांडायचं, यात काही अर्थ नाही.

आणि पाणी. याबद्दल मराठवाड्याबाहेरच्या माणसाला सांगावं लागतं, तुम्हाला नाही. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. दरवर्षी तशी वेळ येत नाही, पण मार्च लागला की वसतिगृहातल्या नळांच्या वेळा बदलतात. म्हणून बादली घ्याल तर झाकणाची घ्या, आणि पिण्याच्या पाण्यासाठी वेगळा कॅन. पाणी कधी येतं हे विचारायचं ते वरच्या वर्गातल्या मुलींना, नोटीस बोर्डाला नव्हे.

वरच्या वर्गाचं नाव निघालं म्हणून रॅगिंगचं सांगते. घरोघरी त्याची भीती असते. कागद-पेन्सिल घ्या. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दोषी ठरलेल्या विद्यार्थ्याला काढून टाकतात आणि पाच वर्षं दुसऱ्या कुठल्याही संस्थेत प्रवेश मिळत नाही. तक्रार आल्यावर संस्थेच्या प्रमुखानं सात दिवसांच्या आत चौकशी करायची असते. देशभराचा मोफत क्रमांक आहे १८००-१८०-५५२२. पुन्हा सांगते, १८००-१८०-५५२२. मात्र पाणी कधी येतं हे सांगणारी ताई आणि छळणारी ताई यांत फरक करायला शिका. पहिलीला घाबरून दूर पळाल तर वर्षभर एकट्या राहाल.

खोलीत सोबत कोण येईल ते आपल्या हातात नसतं. एक किनवटची, एक भूमची, एक शहरातलीच, असं त्रिकूट मी कितीदा केलंय. भांडणं जातीपातीवरून होतील अशी पालकांना धास्ती असते. प्रत्यक्षात माझ्यापर्यंत आली ती बहुतेक दिव्यावरून, पंख्यावरून आणि मोबाइलच्या आवाजावरून आलेली. रात्री दिवा किती वाजता घालवायचा, हे पहिल्याच आठवड्यात तोंडानं बोलून घ्या. मनात धरून बसलात की दिवाळीपर्यंत दोघींचं बोलणं बंद होतं, आणि मग खोली बदलून द्या म्हणून अर्ज येतात.

मन लागत नाही, झोप येत नाही, हेही पहिल्या सत्रात अनेकांचं होतं. आधी मैत्रिणीशी बोला, शिक्षकांशी बोला. कुणाशीच बोलवत नसेल तर टेलिमानस नावाची सरकारी सेवा आहे, क्रमांक १४४१६. रात्रंदिवस चालते, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

मुलग्यांच्या आयांनो, तुमच्याशी थोडं. तुमच्या लेकाला स्वतःचे कपडे धुता येतात का? खोली झाडता येते? उरलेला महिना त्याच्याकडून हे करून घ्या. धुणं येत नाही म्हणून आठवड्याची कपड्यांची गाठोडी शनिवारी एसटीनं घरी आणणारे पोरगे आहेत, आणि ती धुऊन, घड्या करून परत देणाऱ्या आया आहेत. वर 'त्याला वेळ कुठं मिळतो' हे आहेच.

बापांनाही एक विनंती. सोडायला जाल तेव्हा काउंटरवर तुम्ही बोलू नका. लेकराला बोलू द्या, तुम्ही मागं उभे राहा. कारकून पहिल्या खेपेला नीट उत्तर देणार नाही, हे खरं. तरी थांबा. पुढच्या खेपेला ते एकटंच असणार आहे. १९५८ साली आपलं मराठवाडा विद्यापीठ होण्याआधी मराठवाड्यातली कॉलेजं हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली होती. पुढच्या शिक्षणाला तिकडं गेलेल्या पोरांना सोबतीला बाप परवडत नव्हता. परभणीला १९७२ साली कृषी विद्यापीठ झालं, नांदेडला १९९४ साली विद्यापीठ झालं. आता अंतरं कमी झालीत आणि सोबत मात्र वाढलीय.

एक शेवटचं राहिलं, दिवाळीचं. सुट्टीत बहुतेक मेस बंद होतात, काही वसतिगृहंही रिकामी करायला सांगतात. मुलींना एसटीत अर्धं तिकीट आहे, पण गर्दी पूर्ण असते, तेव्हा आरक्षण आधी करा. आणि ज्यांच्या घराला त्या दिवसांत कुलूप असतं, ज्यांचे आईबाप कोयता घेऊन दूर गेलेले असतात, त्यांनी सुट्टीत वसतिगृहातच राहू देण्याचा अर्ज सप्टेंबरात द्यावा. कारण लिहायला संकोचू नका. जेवणाचं काय, हेही त्याच अर्जात विचारा.

नमस्कार.