आपला आकडा, आपली पाळी

मंडळी, नाशिकमध्ये रिक्षावाल्याला 'हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान' म्हटलं, तर तो क्षणभर थांबतो. 'गोल्फ क्लब' म्हटलं की लगेच रिक्षा वळवतो. साहेब गेले, खेळ गेला, नाव तेवढं राहिलं. त्या मैदानानं रणजीचे सामने पाहिलेत, पहाटे अर्धं शहर तिथं फेऱ्या मारतं. पण गोल्फची काठी हातात घेतलेलं वस्तीतलं पोर मी तिथं कधी पाहिलं नाही.

आता दुसरं चित्र. तुळशीची लग्नं उरकली की आपल्या गल्ल्यांमधून वराती निघतात. पुढे बँड. त्यात ट्रम्पेट असतो, क्लॅरिनेट असतं, चांगली पार्टी असेल तर सॅक्सोफोनही असतो. हीच जॅझ या संगीतप्रकाराची वाद्यं. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात जॅझ उगवला तो मिरवणुकीत आणि अंत्ययात्रेत वाजणाऱ्या अशाच बँडवाल्यांच्या आधारानं. म्हणजे वाद्य आपल्या दारात आहे आणि मैदानाला नाव आहे.

मी गेली सहा वर्षं दर रविवारी सातपूरच्या बाजूच्या एका वस्तीतल्या मुलांबरोबर असतो. सकाळी गोल्फ, संध्याकाळी जॅझ. लोक विचारतात, कबड्डी का नाही, ढोल-ताशा का नाही? ते आहेच, आणि उत्तम आहे. मुलं ते आपापसांत शिकतात, त्यासाठी माझी गरज नाही. पण या मुलांजवळ बसलं की दोन दुखणी पुन्हा पुन्हा कानावर येतात. एक, त्यांच्या शब्दावर कुणी विश्वास ठेवत नाही. दुकानात काही हरवलं की आधी यांचे खिसे तपासतात. आणि दुसरं, यांचं बोलणं कुणी पुरं होऊ देत नाही. या दोन दुखण्यांवर मला हे दोन उपाय सापडले.

गोल्फमध्ये तुमच्या मागे पंच उभा नसतो. चेंडू झुडपात गेला तर तिथं तुम्ही आणि चेंडू, दोघंच. चुकून चेंडू हलला तर दंडाचा फटका स्वतःच सांगायचा. स्पर्धेत तुमचे फटके सोबतचा खेळाडू कार्डावर लिहितो, पण कार्ड बरोबर असल्याची सही तुमची. आणि या खेळात जितके फटके कमी तितकं चांगलं. ही सही किती जड असते ते १९६८ च्या मास्टर्स या गोल्फच्या मोठ्या स्पर्धेनं दाखवलं. अर्जेंटिनाचे रॉबर्टो दे विसेन्झो शेवटच्या दिवशी ६५ फटक्यांत खेळले. त्या दिवशी त्यांचा पंचेचाळिसावा वाढदिवस होता. सतराव्या होलवर, म्हणजे चेंडू ज्या खळग्यात घालायचा त्यातल्या सतराव्यावर, त्यांना तीन फटके लागले होते, कार्डावर चार लिहिले गेले आणि त्यांनी न पाहता सही केली. नियमानं ६६ कायम झाले. एका फटक्यानं बरोबरी हुकली, विजेतेपदासाठी पुन्हा खेळण्याची संधी गेली आणि बॉब गोल्बी जिंकले. दे विसेन्झोंनी दोष कार्ड लिहिणाऱ्यावर ढकलला नाही, स्वतःकडे घेतला. ही गोष्ट मी प्रत्येक नव्या मुलाला सांगतो.

आमचं मैदान म्हणजे उतारावरचं माळरान. तिथं एक तेरा वर्षांचा मुलगा खेळत होता. चेंडू बाभळीखाली गेला. मी पन्नास पावलांवर, बाकीची पोरं त्याच्याही पुढे. तो वाकला, वाळकी फांदी बाजूला करायला लागला, आणि चेंडू बोटभर सरकला. त्यानं तो होता तिथं परत ठेवला, मारला, होल पुरा केला. मग माझ्याकडे येऊन म्हणाला, "दादा, माझे सात लिहा." मी सहा मोजले होते. "फांदी काढताना हलला." त्याच्या पायात एका बाजूची शिलाई सुटलेली चप्पल होती, आणि तो माझ्या हातातल्या पेन्सिलीकडे बघत होता. मी सात लिहिले. त्यानं वाचून पाहिलं आणि सही केली, शाळेच्या वहीवर करतात तशी, पूर्ण नाव आणि आडनाव. त्या दिवसापासून सामानाच्या पेटीची किल्ली त्याच्याकडे आहे.

पाण्याचा प्रश्न कुणीतरी विचारेलच, आणि तो रास्त आहे. येवला-सिन्नरला टँकर लागत असताना हिरवळ पोसायची का? नाही पोसायची. अनेक कोरड्या मुलखांत होलभोवती हिरवळीऐवजी वाळूत तेल मिसळून 'ब्राऊन' करत आणि त्यावर खेळत. आम्ही माती चोपून तसंच करतो. होलचा व्यास १०८ मिलिमीटर. जपमाळेच्या मण्यांचा आकडा, त्यामुळे पोरांना तो विसरायला होत नाही. सात नंबरच्या 'आयर्न', म्हणजे लोखंडी डोक्याच्या काठ्या, चार आहेत, जुन्या; त्या फिरवून वापरतो.

दिल्ली गोल्फ क्लबमध्ये कॅडी, म्हणजे खेळाडूची काठ्यांची पिशवी वाहणारे, असलेले अली शेर १९९१ साली इंडियन ओपन ही गोल्फ स्पर्धा जिंकले, १९९३ ला पुन्हा जिंकले. बंगळुरूचे मुनियप्पा हेही कॅडीच, त्यांनी २००९ ला ती जिंकली. हे मी मुलांना सांगतो, पण हेही सांगतो की बहुतेक कॅडी आयुष्यभर दुसऱ्याची पिशवी वाहतात. विजेते घडवायचं आमिष दाखवून मुलं गोळा करणं मला पटत नाही.

संध्याकाळचं सांगतो. जॅझमध्ये प्रत्येकाची पाळी येते. आपल्या पाळीला त्यानं तिथल्या तिथं सुचेल ते वाजवायचं, बाकीच्यांनी ठेका धरून ऐकायचं. बोलणं पुरं होऊ न देण्यावर माझा उपाय तो हा. जॅझचा थोर ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग अकरा वर्षांचा असताना, नववर्षाच्या आदल्या रात्री रस्त्यात पिस्तूल उडवलं म्हणून त्याला कृष्णवर्णीय मुलांच्या सुधारगृहात टाकलं. तिथल्या बँडमध्ये पीटर डेव्हिस या शिक्षकानं त्याला कॉर्नेट हे ट्रम्पेटसारखं वाद्य शिकवलं. पुढे जगानं त्याला ऐकलं. १९६४ मध्ये तो मुंबईतही वाजवून गेला. आपल्याकडे गोव्याच्या चर्चशाळांत नोटेशन, म्हणजे स्वरलिपी, शिकलेली मुलं मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवू लागली आणि तिथून सिनेमाच्या वाद्यवृंदात आली. पुणतांब्याचे संगीतकार सी. रामचंद्र यांच्या गाण्यांत चिक चॉकलेट या वादकाचा ट्रम्पेट ऐका, म्हणजे हे संगीत मराठी माणसाच्या किती जवळ येऊन गेलंय ते कळेल. आणि संगीत कुणाच्याही मुलाला शाळेत बसवून शिकवता येतं हे ज्यांनी दाखवलं, ते पंडित विष्णु दिगंबर पलुसकर अखेरच्या काळात याच नाशकात राहिले.

आमच्याकडचा एक मुलगा बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो. वरातीची सुपारी असेल त्या दिवशी उन्हात चार-चार तास. सिनेमाची दोनशे गाणी पाठ. आम्ही ब्लूजवर बसलो होतो. हा जॅझमधला जुना साचा, त्याचं चक्र बारा मात्रांचं नव्हे, बारा बारचं; एक बार म्हणजे मात्रांचा एक गट. ढोलकी आणि गिटारनं चक्र धरून ठेवलं, तबल्यावर ठेका धरावा तसं. मी म्हटलं, आता तुझं वाजव. त्यानं वाद्याच्या तोंडाची पातळ पट्टी, म्हणजे रीड, ओठांत ओली केली, वाद्य तोंडाला लावलं आणि थांबला. पहिले बारा बार गेले, दुसरे गेले. कुणी हसलं नाही, कुणी त्याच्याऐवजी वाजवलं नाही. तिसऱ्या फेरीत तीन सूर आले. तेच तीन, उलटसुलट. पुढच्या फेरीत ढोलकीवाल्यानं त्याच तीन सुरांच्या लयीत उत्तर दिलं, आणि त्या मुलानं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. आपण बोललेलं कुणीतरी ऐकलं, हे त्याच्या चेहऱ्यावर लख्ख दिसलं. मग तो वीस मिनिटं थांबेना.

तुमच्याकडे माळ्यावर जुनं क्लॅरिनेट, वाकलेला ट्रम्पेट असेल तर द्या, दुरुस्त आम्ही करून घेऊ. पैसे नंतर. आधी एखाद्या रविवारी साडेसहाला माळरानावर या. तुमच्या हातात पेन्सिल देऊ. मूल जो आकडा सांगेल, तो लिहायचा.