छापील किंमत, फळीवरची किंमत

दृश्य : सकाळ. रविवार कारंजा. किराणा दुकानांची शटर उघडत आहेत, पोती बाहेर मांडली जात आहेत.

रविवार कारंज्यावरच्या दुकानातून आणलेल्या तूरडाळीत किडे निघाले, तर नाशिकचे गिऱ्हाईक ती पुडी घेऊन सरळ दुकानदारासमोर उभे राहत असे. महिन्याची यादी याच घरातून येणार आहे हे दुकानदाराला ठाऊक असल्यामुळे डाळ बहुधा बदलून मिळत असे. मात्र त्याच ओळखीपोटी बिल मागण्याचा संकोच वाटे, आणि तराजूच्या काट्याकडे निरखून पाहणे हा अविश्वास ठरे.

दृश्य : गंगापूर रोडवरील मोठे सुपरमार्केट. ढकलगाड्या, उंच मांडण्या, बिलिंग काउंटरपुढची रांग.

इथे दुकानदार दिसत नाही. काउंटरवरची मुलगी किंमत ठरवत नाही, शाखेचा व्यवस्थापक माल निवडत नाही, आणि निर्णय घेणारे कार्यालय बहुतेक वेळा नाशिकबाहेर असते. पूर्वी ओळखीने जे काम होत असे ते अशा ठिकाणी कायद्याने करावे लागते. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला, आणि या दुकानातील जवळजवळ प्रत्येक फळीशी त्याचा संबंध येतो.

सर्वांत आधी किंमत. वेष्टनावर छापलेल्या कमाल किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही, हे आता बहुतेकांना माहीत आहे. ते बंधन वैधमापन शास्त्राच्या, म्हणजे वजनमापांविषयीच्या, २०११ च्या आवेष्टित (बंद पाकिटातील) वस्तू नियमांतून येते. परंतु सुपरमार्केटचा व्यवसायच मुळी छापील किमतीपेक्षा कमी दराने विकण्यावर उभा असल्यामुळे तिथली खरी तक्रार वेगळी असते. तेलाच्या डब्यावर २०० रुपये छापलेले आहेत, फळीवरच्या पट्टीवर १७० लिहिले आहेत आणि बिलात १८५ लागले आहेत, असे समजा. छापील किंमत ओलांडली गेली नाही म्हणून ग्राहक गप्प बसतो. कायदा मात्र दुकानाने स्वतः लावलेल्या दरपत्रकापेक्षा अधिक किंमत घेणे हेही तक्रारीचे कारण मानतो. म्हणजे फळीवरची ती कागदी पट्टी दुकानाला बांधून ठेवते. रोज शेकडो वस्तूंचे दर बदलणाऱ्या साखळीला संगणकातील दर आणि फळीवरची पट्टी एकाच वेळी बदलण्याची व्यवस्था यासाठी ठेवावी लागते, आणि ती ढिली पडली तर ‘संगणकातली चूक’ हे उत्तर ग्राहकाने ऐकून घेण्याचे कारण नाही.

दृश्य : दुकानाच्या स्वतःच्या नावाच्या पिशव्या – पोहे, शेंगदाणे, बेदाणे.

आता ज्या भागाची चर्चा फारशी होत नाही त्याकडे वळू. निफाड तालुक्यातील एखाद्या शेतकऱ्याने तयार केलेले बेदाणे सुपरमार्केटने घेतले आणि आपल्या नावाच्या पाकिटात भरले, तर दुकानाची कायदेशीर ओळखच बदलते. दुसऱ्याने बनवलेल्या वस्तूवर स्वतःची मुद्रा उमटवणारा हाही २०१९ च्या कायद्यानुसार उत्पादक ठरतो. सदोष मालामुळे कोणाला इजा झाली, तर ‘आम्ही केवळ विक्रेते’ असे मग त्याला म्हणता येत नाही. दुसऱ्या कंपनीचा माल जसाच्या तसा विकणाऱ्या दुकानाची जबाबदारी तुलनेने मर्यादित आहे. मात्र त्याने पॅकिंगवर किंवा लेबलवर मोठे नियंत्रण ठेवले असेल, स्वतंत्र हमी दिली असेल, किंवा माल नीट तपासला वा सांभाळला नसेल, तर तोही सुटत नाही. स्वतःच्या नावाने माल विकण्यात नफा अधिक असल्यामुळे मोठी दुकाने त्याकडे वळली, आणि नफ्याबरोबर हे ओझेही आले. माझ्या मते या कायद्यातील ही सर्वांत न्याय्य तरतूद आहे, कारण पाकिटावरील नावावर विसंबूनच ग्राहक ते उचलतो.

खाद्यपदार्थांना २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याचे बंधनही आहे. मुदत संपलेला पदार्थ विकला गेला तर त्याबद्दल विक्रेता जबाबदार असतो. त्यामुळे जुना माल पुढे आणि नवा मागे लावणे हे काम सुपरमार्केटमध्ये रोज करावे लागते.

पिशवीचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण त्याने साखळी दुकानांना मोठा धडा दिला. २२ डिसेंबर २०२० रोजी राष्ट्रीय ग्राहक आयोगाने बिग बाझारच्या प्रकरणात असे ठरवले की, पिशवीला पैसे पडतील हे आधी न सांगता बिलाच्या वेळी ते आकारणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. वाद चंडीगडमधील काही पिशव्यांचा होता, पण ही प्रथा थांबवण्याचा आदेश त्या साखळीच्या सर्व दालनांसाठी होता. मोबाइल क्रमांक दिल्याशिवाय बिल न करण्याचा हट्टही धरू नये, असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये किरकोळ विक्रेत्यांना सांगितले आहे.

दृश्य : काउंटरवर लावलेला फलक – ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’.

हा फलक सदोष मालाला लागू होत नाही. बिलावर मुदत लिहिलेली असेल तर त्या मुदतीत, आणि लिहिलेली नसेल तर तीस दिवसांच्या आत, सदोष वस्तू परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे हीसुद्धा अनुचित प्रथा आहे.

दृश्य : एका घरातील टेबल. बिलांचा गठ्ठा, काहींवरची अक्षरे पुसट.

कंपनीचे मुख्यालय कुठेही असो, नाशिकमधील सिडको भागात राहणारा ग्राहक आता नाशिकच्याच जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करू शकतो. मालासाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही पडत नाही. तक्रारीसाठी कायद्याने कारण घडल्यापासून दोन वर्षे दिली आहेत. सुपरमार्केटचे बिल ज्या चकचकीत कागदावर छापलेले असते, त्यावरची अक्षरे मात्र तेवढा काळ टिकत नाहीत. तूरडाळीची पुडी फोडण्यापूर्वीच त्या बिलाचे छायाचित्र काढून ठेवावे लागते.