मस्टरमधला ‘ए’

(ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या लघुउद्योजकांपुढे कामगार कायद्याची वकिली करणाऱ्या एका वक्त्यांनी केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, कलमं नंतर. आधी एक मस्टर, म्हणजे हजेरीपट, डोळ्यांपुढे आणा. 2020च्या जूनमध्ये नवी मुंबईतल्या रबाळ्याच्या एका प्रेस शॉपचे, म्हणजे पत्र्याचे भाग बनवणाऱ्या कारखान्याचे, मालक ते बगलेत घेऊन माझ्याकडे आले होते. कामगार 62. 21 मार्चपर्यंत रकान्यांत ‘पी’. 22ला रविवार, जनता कर्फ्यू. आणि 23पासून ओळीनं ‘ए’, ‘ए’, ‘ए’. सुपरवायझरनं भरलेलं. माणूस दिसला नाही की ‘ए’ टाकायचा, ही त्याची वीस वर्षांची सवय. मालकांच्या मनात कपट नव्हतं. पण पगारपत्रकात त्या ‘ए’चे दिवस बिनपगारी निघाले, आणि एका ऑपरेटरनं येऊन विचारलं, “शेठ, मी गैरहजर कसा? गेटला कुलूप तर तुमचं होतं.”

त्या वर्षी माझं निम्मं काम याच प्रश्नाचं होतं.

29 मार्चला केंद्रीय गृह मंत्रालयानं आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली आदेश काढला: लॉकडाऊनमुळे बंद असलेल्या काळाचा पगार ठरल्या तारखेला, कपात न करता द्या. 31 मार्चला राज्य सरकारनंही सांगितलं, घरी थांबावं लागलेला कामगार कामावर आहे असंच समजा. कंत्राटी आणि रोजंदारीवालेही त्यात आले. म्हणजे कागदावर तो ‘ए’ पहिल्या आठवड्यातच चुकीचा ठरला होता. मालकांपर्यंत तो कागद पोचला नव्हता. व्हॉट्सअॅपवर पोचला होता म्हणा, पण त्या दिवसांत व्हॉट्सअॅपवर काय काय येत होतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

केंद्राचा आदेश 18 मेपासून मागे घेतला गेला. मधले दिवस मोजा, बरोबर 50. या 50 दिवसांच्या पगारावर उद्योजक सुप्रीम कोर्टात गेले आणि 12 जूनला कोर्टानं सांगितलं की मालकांवर सक्तीची कारवाई नको. दोघांनी बसून बोलावं, जमलं नाही तर कामगार खात्याकडे जावं. पुष्कळांनी याचा अर्थ ‘पगार माफ’ असा लावला. साफ चूक. कोर्टानं हक्क रद्द केला नव्हता, घोंगडं भिजत ठेवलं होतं. ज्यांनी त्याच आठवड्यात कामगारांना बोलावून लेखी करार केला, ते सुटले. तोही कसा, हे महत्त्वाचं. आपापसातला करार सही करणाऱ्यांपुरता. कामगार खात्याच्या समेट अधिकाऱ्यापुढे झालेला करार सगळ्या कामगारांना बांधतो. चहा पाजून घेतलेल्या दहा सह्यांवर विसंबून राहिलेले मालक पुढे माझ्याकडेच आले.

“मॅडम, ले-ऑफ दाखवला असता तर?” हा प्रश्न मला दर भाषणात येतो. ले-ऑफ म्हणजे काम देता येत नाही म्हणून कामगाराला तात्पुरतं घरी बसवणं; त्यात बेसिक आणि डीएच्या, म्हणजे मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या, निम्मे द्यावे लागतात. एकूण पगार 18,000 आणि त्यात बेसिक-डीए 11,000 असेल, तर कामगाराच्या हातात महिन्याला साधारण 5,500. शिवाय हे 50 किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यालाच लागू. आणि गंमत पाहा, तेव्हाच्या 1947च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या 25-ई कलमानुसार हा मोबदला हवा असेल तर कामगारानं रोज कामाच्या वेळेला येऊन हजेरी लावायची! एप्रिलमध्ये डोंबिवलीहून माणसानं रबाळ्याला सही करायला यायचं, तेही पोलिसांच्या काठ्या चुकवत. महामारी हा प्रसंग त्या कायद्याच्या डोक्यातच नव्हता. 21 नोव्हेंबर 2025पासून नवी औद्योगिक संबंध संहिता आली, ले-ऑफला सरकारची आधी परवानगी लागण्याची मर्यादा 100 कामगारांवरून 300 झाली; निम्म्याचा हिशेब मात्र तोच.

खरी गुंतागुंत जूननंतरची. कारखाना उघडला, लोकल बंद. 15 जूनला गाड्या सुरू झाल्या त्या अत्यावश्यक सेवेपुरत्या. बदलापूरचा फिटर रबाळ्याला येणार कसा? मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठानं एप्रिलअखेर म्हटलं होतं की बंदी उठलेल्या भागात कामगार स्वेच्छेनं गैरहजर राहिला तर पगार कापता येईल. सगळा जीव ‘स्वेच्छेनं’ या शब्दात आहे. त्याची चाळ पत्रे ठोकून सील केलेली असेल तर ती स्वेच्छा नव्हे. एका मालकानं अशा प्रत्येकाकडून पत्र्यांचा फोटो मागवून मस्टरला टाचून ठेवला. त्याच्यावर एकही तक्रार झाली नाही. ज्यानं बस ठेवली, थांबा कळवला, तारखेची नोटीस दिली आणि तरीही कामगार आला नाही, त्याचा ‘ए’ टिकतो.

कामाचे तास वाढवण्याचा मोह पुष्कळांना झाला. गुजरात सरकारनं तशी अधिसूचनाच काढली होती. 1 ऑक्टोबर 2020ला सुप्रीम कोर्टानं ती रद्द केली. ओव्हरटाइमचा दर दुप्पट तो दुप्पटच.

कंत्राटदार गावाला पळाला म्हणून त्याच्या हेल्परांचा पगार बुडत नाही. तो देत नसेल तर कायद्यानं मुख्य मालकानं द्यायचा आणि कंत्राटदाराच्या बिलातून वसूल करायचा.

रबाळ्याचे मालक निघताना म्हणाले, “ते ‘ए’ व्हाइटनरनं पुसून घेऊ का?” मी म्हटलं, हात लावू नका. त्यावर एक रेघ मारा, खालचा ‘ए’ वाचता आला पाहिजे. शेजारी ‘लॉकडाऊन, सपगारी’ लिहा, सही करा. आणि तारीख मार्चची नको, आजचीच घाला.