दोन बोटं आणि १२०

अध्यक्ष महोदय, काकाजी लोक आणि मागच्या सतरंजीवरचे पोट्टे हो,

पत्रिकेत विषय छापलाय, ‘संगणकावर फोटो पाहताना’. दारातच एका आजोबांनी अडवलं, ‘फोटो पाहाले व्याख्यान काहून लागते बाप्पा?’ लागते जी. मला पाऊण तास दिलाय. त्यातला बराचसा सत्कारात गेला, नारळ अजून मांडीवरच आहे. तीन मुद्दे सांगायचं कबूल केलंय, ते सांगणारच. पण आधी कोळशी.

वरुड-मोर्शीच्या माणसाला मी कोळशी समजावणं म्हणजे माशाला पोहणं शिकवणं. तरी नागपूरहून आलेल्या पाहुण्यांसाठी सांगतो: काळी माशी संत्र्याच्या पानाचा रस शोषते, चिकट गोड पाणी सोडते आणि त्यावर काळी बुरशी चढते, तीच कोळशी. बुरशी कोणालाही दिसते, माशीची अंडी दिसत नाहीत. ती पानाच्या मागच्या बाजूला असतात आणि चकलीसारखी गोल वळत घातलेली असतात. एवढीशी चकली! ती ओळखायला डोळा पाहिजे, नाहीतर झूम.

आमच्या शेजारच्या काकाजींनी गेल्या आंबिया बहाराच्या वेळी पानं उलटून उलटून ४० फोटो काढले. मोबाईलच्या काचेवर फवारणीचा पंप पडलेला, त्यामुळे त्यावर पान कुठं आणि भेग कुठं, कळेना. आले माझ्याकडे. मी दहा वर्षं पुण्यात सॉफ्टवेअर लिहून परत आलेला माणूस. गावात मला काय काय दुरुस्त करायला आणतात ते सांगत नाही, मिक्सर सुद्धा आणतात. फोटो लॅपटॉपवर घेतले, एका फुकटच्या प्रोग्रामात उघडले. पान झकास मोठं केलं. देठाकडे काही ठिपके दिसत होते, म्हणून टचपॅडवर दोन बोटं टेकवून फोटो जरा वर सरकवायला गेलो, तर पान गायब. पडद्यावर काकाजींच्या भाच्याचा हळदीचा फोटो. मी बोटं उचलली, तरी फोटो पळतच होते. मंगलाष्टकं झाली, पंगत झाली, नवरीची पाठवणी झाली, तेव्हा कुठं थांबले.

काकाजी म्हणाले, ‘मी इकडं पान दाखवाले आलो, अन् तू मले लगन दाखवतं?’

‘थांबा जी काकाजी,’ म्हटलं आणि उलटं सरकवलं. पंगत, मंगलाष्टकं, हळद, आणि तिथून थेट त्यांच्या म्हशीपर्यंत. पान मध्येच कुठं येऊन गेलं, दोघांनाही कळलं नाही. ‘पयते काहून हा फोटो?’ या काकाजींच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या दिवशी देता आलं नाही. ते आज देतोय, म्हणून हे व्याख्यान.

मी प्रोग्रामवाल्यांना सविस्तर कळवलं. एका ओळीचं उत्तर आलं: माउस वापरा. राग आला. मग माझाच पुण्यातला जुना कोड काढून पाहिला आणि राग गिळला. मीही तेच करून ठेवलं होतं.

झालं असं. माउसला चाक आलं आणि ते घरोघरी पोचलं १९९६ च्या मायक्रोसॉफ्टच्या इंटेलिमाउसनंतर. चाकाला खाचा असतात. एक खाच फिरली की विंडोज प्रोग्रामला सांगतं, १२०. दोन खाचा, २४०. ही झाली मोट. इथल्या म्हाताऱ्यांनी मोट पाहिलीय: एक खेप, एक मोट पाणी, अर्धी मोट नाही. टचपॅड म्हणजे ठिबक. बोट सरकतं तसे आकडे थेंबाथेंबानं येतात: ३, ७, २, ५. आता मोटेच्या जमान्यात लिहिलेला प्रोग्राम काय करतो? एकतर १२० नं भागतो, अपूर्णांक फेकतो, उत्तर शून्य, फोटो ढिम्म हलत नाही. किंवा प्रत्येक थेंबाला एक मोट समजतो आणि दर मोटेला एक फोटो पुढे ढकलतो. मग लगन.

गंमत पुढे आहे. १२० हा आकडा उगाच नाही घेतला. पुढे कोणी खाचा नसलेलं बारीक चाक काढलं, तर त्याला लहान आकडे पाठवता यावेत म्हणूनच एवढा मोठा ठेवला, असं मायक्रोसॉफ्टच्या कागदातच लिहिलंय. १२० ला २, ३, ४, ५, ६, ८ सगळ्यांनी भाग जातो. म्हणजे ज्यानं विहीर खोदली त्यानं ठिबकची सोय तेव्हाच करून ठेवली होती. आम्ही प्रोग्रामवाल्यांनी कागद वाचला नाही. (हशा) हसा, हसा. सातबारा तरी कोण पूर्ण वाचतं?

अध्यक्षांची चिठ्ठी आली. ‘पाच मिनिटे.’ बरं. तीन मुद्दे पळवतो, त्या फोटोंसारखेच.

पहिला: थेंब फेकू नका, खाली बादली ठेवा. आलेले आकडे साठवत जा, १२० भरले की एक पाऊल. आणि फोटो सरकवायचा असेल तर बादलीही नको, बोट जितकं सरकलं तितका फोटो सरकवा. क्यूटीमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या खिडक्या-बटणं बनवायच्या तयार साहित्यात, लिहिणाऱ्या पोट्ट्यांनो, तिथं पिक्सेलचा आकडा वेगळा मिळतो. तो आला असेल तर तोच घ्या.

दुसरा: चिमटी, म्हणजे टचपॅडवर दोन बोटं फाकवून-मिटवून फोटो लहान-मोठा करणं. मॅकबुक एअरवर ती २००८ ला आली, विंडोजचे प्रिसिजन टचपॅड (ज्यांच्या बोटांच्या खुणा विंडोज स्वतः ओळखतं) विंडोज ८.१ सोबत २०१३ ला. लिनक्सच्या एक्स सर्व्हरमध्ये (पडदा, माउस, टचपॅड सांभाळणारा प्रोग्राम) चिमटीचा निरोप प्रोग्रामपर्यंत पोचायची सोय २१.१ आवृत्तीत झाली, २०२१ साल. विंडोजवर ज्या प्रोग्रामला चिमटी कळत नाही, त्याला ती ‘कंट्रोल दाबून चाक फिरवलं’ अशी सांगितली जाते. म्हणजे तिथंही पुन्हा थेंबच येतात. आणि झूम बेरजेनं करू नका, गुणाकारानं करा. १० टक्क्यांत १० मिळवले की फोटो दुप्पट होतो, ४०० मध्ये १० मिळवले तर कळतसुद्धा नाही. शिवाय पडद्यावरचा माउसचा बाण ज्या ठिपक्यावर आहे तो ठिपका जागचा हलता कामा नये. बाणापासून फोटोच्या कोपऱ्याचं अंतर झूमच्याच पटीनं वाढवा, झालं. हे केलं नाही तर चकली मोठी होते आणि पडद्याबाहेर जाते.

तिसरा, माझा हट्टाचा: फोटो खिडकीपेक्षा मोठा असेल तर दोन बोटांनी तो फक्त सरकावा. पुढचा फोटो कीबोर्डवरच्या बाणाच्या कळीनं. बोटं उचलल्यावर मागून येणारे जे घरंगळते आकडे असतात, त्यांनी तर फोटो कधीच बदलू नये. यावर चाकवाली मंडळी भांडतील, त्यांना चाकानं फोटो बदलायची सवय आहे. त्यांच्यासाठी सेटिंगमध्ये टिक करायचा एक चौकोन ठेवा.

चिठ्ठी पुन्हा आली. हे सगळं मी माझ्या प्रोग्रामात करतोय. पहिले दोन मुद्दे झालेत, तिसरा अर्धा आहे. तोवर लॅपटॉपला ३०० रुपयांचा माउस लावून ठेवलाय. काकाजी मागेच बसलेत, त्यांना सांगतो: उद्या सकाळी पानं घेऊन या. फोटो नको, पानंच आणा.